भोंगा आणि लाल चिमटे

आमच्या धुलाई कारखान्यात मुकादम कसा निवडला गेला ते आधी सांगतो. म्हातारा मालक वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत बसायचा आणि खाली धुण्याचे ड्रम, इस्त्रीचे रोलर, बॉयलर यांचा असा गदारोळ असायचा की शेजारच्याच्या कानात तोंड घातल्याशिवाय बोलता येत नसे. जुना मुकादम गेल्यावर त्याच्या जागेसाठी चौघे पुढे आले. मालकाने सगळी यंत्रं चालू ठेवून चौघांना खाली उभं केलं, आपण वर जाऊन खिडकी लावून घेतली आणि निरोप धाडला, "एकेकाने मला शिवी द्या." तिघे लाजले. चौथ्याने मालकाच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि त्या काचेतून वरपर्यंत स्पष्ट ऐकू गेल्या. त्याच दिवशी तो मुकादम झाला आणि त्याच दिवशी त्याचं नाव भोंगा पडलं. तोंडावर मुकादम, पाठीमागे भोंगा.

मी गाडीवाला. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या मळक्या चादरी आणायच्या, धुतलेल्या पोहोचवायच्या, आणि ज्या नीट निघाल्या नाहीत त्या तिथल्या बाईची बोलणी खाऊन परत आणायच्या, हे माझं काम. मी कारखान्याच्या नोकरीत नव्हतो, ठेकेदाराच्या होतो. धड आतला नाही, धड बाहेरचा नाही. त्यामुळे मला सगळं दिसलं आणि माझं काही गेलं नाही.

भोंग्याची एक पद्धत होती. चादर जळली, फाटली किंवा डागासकट घडी होऊन गेली, की ज्याच्या हातून ते झालं त्याने तीच चादर डोक्यावर पांघरून जेवणाच्या सुट्टीभर फाटकात उभं राहायचं. भोंगा शेजारी उभा राहून ओरडायचा. समोरच्याच्या आईबापापासून त्याच्या चालण्याबोलण्यापर्यंत काही सोडायचा नाही. रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. वर मालक ऐकायचा आणि त्याचं जेवण गोड व्हायचं. सुट्टी संपली की भोंगा स्वतःच्या हाताने चादर काढायचा, "जा, लाग कामाला," म्हणायचा, आणि विषय संपायचा. पगार कापला जायचा नाही, कुणाला काढलं जायचं नाही. आपल्या काळात एक माणूस कामावरून गेला नाही याचा त्याला फार तोरा. "मी ओरडतो म्हणून तुमच्या चुली पेटतात," असं तो म्हणायचा, आणि ते खरंही होतं. फक्त चादरीखाली उभं राहणाऱ्याला ते तसं वाटत नाही, एवढं त्याच्या टाळक्यात कधी शिरलं नाही.

त्याची थोरली बहीण तिथेच कामाला होती. तो तिला ताई म्हणायचा म्हणून सगळेच ताई म्हणायचे. नवऱ्याने टाकल्यावर ती काही वर्षं भोंग्याच्या घरी राहिली होती. भोंग्याची बायको तशी वाईट नव्हती, पण नणंद चार दिवस आली आणि बसलीच, हे तिच्या पचनी पडलं नाही. तोंडाने ती कधी वाकडं बोलली नाही. ताई उठली की "बसा हो, तुम्हाला काय काम आहे," म्हणायची आणि बसली की भांडी आपटायची. ताईने एकदा मला सांगितलं होतं, "त्या घरात पाणी प्यायले तरी घोटाचा आवाज होऊ देत नव्हते मी." शेवटी भोंग्याने तिला डागांच्या टेबलावर लावलं. वर काच, खाली दिवा, त्यावर चादर सरकवत जायची आणि डाग हुडकायचा. पगार सुरू झाला, कारखान्यामागच्या गल्लीत एक खोली झाली, खोलीला आतून लावायची कडी झाली. नोकरी गेली असती तर खोली गेली असती, आणि मग पुन्हा भावजयीचं घर. हे ताईला, भोंग्याला आणि भोंग्याच्या बायकोला, तिघांनाही पक्कं ठाऊक होतं.

ताईलाही त्याने दोनदा चादरीखाली उभं केलं होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असला प्रकार त्याच्याकडे नव्हता. लोक त्याचं कौतुकही करायचे, की बघा, सख्ख्या बहिणीला सोडत नाही. ताईला ते कौतुक कसं लागलं, हे कुणी विचारलं नाही.

म्हातारा मालक गेला आणि मुलगा गादीवर आला. त्याला ओरडणं अडाणीपणाचं वाटायचं. "आपण सगळे एक कुटुंब आहोत," तो म्हणाला. मुकादमाचा काका झाला, रोलरवरच्या बायका मावश्या झाल्या, ज्याचा वाढदिवस त्याला केक. कुटुंबच म्हटल्यावर जास्तीच्या वेळेचे पैसे कोण मागणार? घरात आई भांडी घासण्याचे पैसे मागते का, असं तो अगदी निरागसपणे विचारायचा. भोंगा या काळात हसायला शिकला. ते पाहवत नसे. चादरीची पद्धत मात्र मालकाचा मुलगा बाहेरगावी असेल त्या दिवशी गुपचूप चालू राहिली. असं बरंच चाललं, आणि मग कुटुंबप्रमुखाने एक दिवस कुटुंब विकून टाकलं.

विकत घेतलं एका मोठ्या कंपनीने. तिने पाठवलेला साहेब तरणाबांड, गुळगुळीत, पायात कापडी बूट. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मला साहेब म्हणू नका हं. नुसतं नावाने हाक मारा." कुणाची जीभ वळेना. तेव्हापासून ते नुसते साहेब. नुसते साहेब कधी ओरडले नाहीत. त्यांचा आवाज इतका हळू की ऐकण्यासाठी माणसाला पुढे वाकावं लागायचं, आणि वाकलेल्या माणसाला काहीही सांगता येतं.

त्यांनी भोंग्याला समोर बसवून नवीन रीत शिकवली. बोट दाखवायचं नाही. कमरेवर हात ठेवायचे नाहीत. "तू चुकलास" म्हणायचं नाही, "तुम्हाला कसं वाटतंय" म्हणायचं. भोंगा ते घोकत माझ्या गाडीपाशी यायचा. "तुम्हाला कसं वाटतंय," तो गाडीच्या चाकाला विचारायचा. चादर डोक्यावर द्यायची पद्धत ऐकून तर नुसत्या साहेबांनी डोळेच मिटून घेतले. ती बंद.

मग चिमटे आले. शनिवारी काम संपताना ड्रमांच्या मधल्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्यांचं रिंगण करायचं. कपडे वाळत घालायचे चिमटे असतात ना, तसा एकेक लाल चिमटा भोंगा टोपलीतून प्रत्येकाला द्यायचा. ज्याला आपल्या मदतीची सर्वांत जास्त गरज आहे असं वाटेल, त्याच्या ॲप्रनला तो लावायचा. नुसते साहेब म्हणाले, हा खेळ आहे, यात शिक्षा नाही, राग नाही. ज्याला सर्वांत जास्त लागतील त्याच्याबरोबर ते स्वतः बसून चहा घ्यायचे. सलग तीन शनिवार एकाच माणसाला सर्वांत जास्त लागले, की "टीमला वाटतंय तुमची जागा दुसरीकडे कुठेतरी आहे." निर्णय टीमचा. साहेब कुणाला काढणारे कोण?

पहिला गेला तो म्हातारा ड्रमवाला. ओल्या चादरी उपसताना त्याला दम लागायचा. तिसऱ्या शनिवारी नुसते साहेब उभे राहिले, त्याच्या कामाबद्दल चार गोड शब्द बोलले आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. सगळा जन्म ड्रमाशेजारी काढलेला, म्हाताऱ्याचे कान गेले होते. त्याला वाटलं, कुणाचा तरी सत्कार चाललाय. त्यानेही टाळ्या वाजवल्या. सोमवारी तो नेहमीसारखा डबा घेऊन आला आणि फाटकावरच्या माणसाने त्याला समजावून सांगितलं. अर्थात ओरडूनच सांगावं लागलं.

मला विचाराल तर पूर्वी एक माणूस सगळ्यांवर ओरडायचा आणि सगळे मिळून त्याला मनातल्या मनात शिव्या घालायचे. त्यात एक सुख होतं. आता ओरडणारं कुणी नव्हतं, आणि बुधवार उलटला की कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं. जी बाई कालपर्यंत तुमच्या चादरीचं दुसरं टोक धरायची, ती आज तुमच्या ॲप्रनकडे बघायची. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि कापणाऱ्याचे हात पुन्हा स्वच्छ, साबणाचा वास येणारे.

ड्रमवाल्याच्या पाठोपाठ ताईचा नंबर लागला.

तिच्या डोळ्यांत पडदा येत होता. दिव्याच्या उजेडातही पिवळट डाग तिला दिसेनासा झाला. एका दवाखान्याने गठ्ठाच्या गठ्ठा परत पाठवला, मीच आणला. पण डाग काय फक्त ताईच्याच हातून सुटत होते? रोलरवर, घडीच्या टेबलावर, सगळीकडे सुटत होते. तरी त्या शनिवारी चिमटे ताईला लागले. ज्या बायकांचा डागांच्या टेबलाशी काही संबंध नाही, त्याही उठून तिलाच लावून आल्या. ताई खुर्चीत ताठ बसून होती आणि तिच्या छातीवर लाल चिमट्यांची रांग लागली होती. भोंगा रिकामी टोपली घेऊन शेजारी उभा.

भोंगाही त्याच रिंगणात होता, ॲप्रन घालून, सगळ्यांच्या बरोबरीने. नियमाने त्यालाही चिमटा लावता येत होता. पण कुणाचा हात उठत नव्हता. इतक्या वर्षांची सवय, तो समोर आला की माना आपोआप खाली जायच्या.

दुसऱ्या शनिवारीही तेच झालं. आता एकच शनिवार उरला होता.

भोंग्याने जन्मात केलं नव्हतं ते केलं, तो एकेकाला गाठून विनवू लागला. त्याला विनवता येत नव्हतं हो. आवाज खाली आणायला जायचा आणि घसा बसल्यासारखा व्हायचा. लोकांना ते फार आवडलं. "काका, आम्ही तर ताईंना मदत मिळावी म्हणूनच लावतो," असं गोड हसून सांगायचे. खेळ आहे ना, मग खेळायला काय हरकत. रोलरवाली तेवढी सरळ निघाली. मी गठ्ठे उतरवत होतो, तिथेच तिने त्याला सुनावलं.

"ताईच्या डोळ्यांचं मला काय करायचंय? माझ्या हातून चादर जळली तेव्हा तुम्ही मला फाटकात उभं केलंत, आठवतं? माझी सासू नेमकी रस्त्याने चालली होती. तिने पाहिलं. अजून मला घरात जळकी म्हणतात. माझ्या पोरीसुद्धा भांडल्या की जळकी म्हणतात."

"अगं, पण तुला कामावरून काढलं नाही ना मी!"

"नाही ना काढलंत. रोज येऊन तुमचं तोंड बघावं लागलं."

"मग मला लाव चिमटा. तिला कशाला?"

रोलरवालीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला लावायची अजून भीती वाटते," ती म्हणाली, आणि रोलरकडे निघून गेली.

वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय. भोंगा गाडीच्या फळीवर येऊन बसला. त्याला कळलं होतं. तो अडाणी होता, मूर्ख नव्हता. "माझे भोग तिच्या अंगाला चिकटतायत," तो म्हणाला. "तिला पुन्हा माझ्या घरी आणली तर ती जगायची नाही. माझी बायको तिला काही करणार नाही, आणि तरी ती जगायची नाही." मी म्हटलं, मग काय करणार? मला खरंच वाटलं, आता हा बरोबर जागी येतोय. मग तो उठला आणि म्हणाला, "यांची खुमखुमी भागवली पाहिजे. यांना तमाशा बघायचाय ना? दाखवतो."

बघा, माणसाची अक्कल कुठवर जाते. ज्याच्या हातात आयुष्यभर एकच औषध, तो सगळ्या रोगांवर तेच देणार. भोंग्याच्या डोक्यात हिशेब पक्का होता. चूक झाली, चादर डोक्यावर आली, ओरडून झालं, विषय संपला. इतकी वर्षं असंच होत आलं होतं. ताईचा विषय संपत नव्हता, कारण ताईवर कुणी ओरडलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने दवाखान्याची परत आलेली चादर घेतली, औषधाच्या तपकिरी डागासकट, आणि ताईला हाताला धरून फाटकात नेलं. "ताई, गप उभी राहा. तुझ्या भल्यासाठी आहे," एवढं तो हळू बोलला. चादर तिच्या डोक्यावर टाकली आणि सुरू झाला. मी त्याचं ओरडणं खूप ऐकलंय, पण असं नाही. आंधळी म्हणाला. फुकटखाऊ म्हणाला. म्हणाला, "नवऱ्याला नकोशी झालीस, डाग दिसत नाही म्हणून तर टाकलं नसेल ना तुला? की तुझ्याच अंगावरचा डाग त्याला दिसला?" रस्त्यावरची माणसं थांबली. आतली माणसं डबे हातात घेऊन बाहेर आली. भोंगा मध्येच त्यांच्या चेहऱ्यांकडे बघायचा, पुरे झालं का, की अजून पाहिजे, आणि पुन्हा सुरू व्हायचा. चादर नाकातोंडापाशी आत-बाहेर होत होती, तेवढ्यावरून कळायचं की आत माणूस आहे.

नुसते साहेब सावकाश चालत आले. रागावले नाहीत. "काका, आपण असं बोलत नाही ना?" एवढंच म्हणाले. त्यांनी स्वतः चादर काढली, तिची घडी घातली आणि ताईपुढे वाकून विचारलं, "तुम्हाला कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय," ताई म्हणाली आणि डबा न खाता टेबलावर जाऊन बसली.

भोंगा घामाने निथळत माझ्याकडे आला. चेहऱ्यावर समाधान. "आता बघ," म्हणाला, "आता कुणी लावणार नाही तिला. बायकांचे चेहरे पाहिलेस ना? दोघी-तिघी तर रडल्या." रडल्या होत्या, हे खरं आहे.

शनिवारी रिंगण बसलं. मी गाडी लावून दारात उभा होतो. भोंग्याने टोपली फिरवली आणि आपल्या खुर्चीत बसला. नुसते साहेब म्हणाले, "कोण सुरुवात करतंय?" नेहमी यावर बराच वेळ शांतता असायची. ताई उठली. तिला आता लांबचं धड दिसत नव्हतं, ती खुर्च्यांच्या पाठी चाचपत सरळ भोंग्यासमोर आली. त्याच्या छातीवर हात ठेवला, ॲप्रनची कड शोधली. त्याला वाटलं, काहीतरी लागलंय ते झटकतेय. तो तिच्याकडे बघून हसला, लहान भाऊ हसतो तसा. तिने चिमटा लावला आणि परत जाऊन बसली.

पुढचं पाहायला फार वेळ लागला नाही. एकदा हात उठला म्हटल्यावर रोलरवाली उठली, घडीवाल्या उठल्या, बॉयलरवाला उठला. ओळच लागली. जागा उरली नाही तेव्हा बाहीला लावले, कॉलरला लावले, एकाने कानाच्या पाळीला लावला आणि लोक खो-खो हसले. भोंग्याने कान सोडवूनही घेतला नाही. त्याचा स्वतःचा चिमटा त्याच्या हातातच राहिला.

नुसते साहेब उभे राहिले. म्हणाले, टीम इतकी एकमताने यापूर्वी कधी बोलली नव्हती, त्यामुळे तीन शनिवार थांबण्याची गरज आपल्याला वाटत नाही. चार गोड शब्द बोलले. टाळ्या झाल्या. कंपनीला हा जुना मुकादम तसाही नकोच होता, त्यांचा सुंठीवाचून खोकला गेला.

त्याच्या पुढच्या शनिवारी ताईच्या ॲप्रनला एकही चिमटा लागला नाही. डोळे तेच, डाग तेच. पण आता रोलरवाली येताजाता थांबते, तिच्या टेबलावरची चादर स्वतः उजेडात धरून बघते आणि डाग दिसला की बाजूला टाकते.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी भोंगा ॲप्रन परत द्यायला आला. एवढ्या दिवसांत त्याचं अंगच उतरलं होतं. घरी बायको बोलत काही नव्हती. तो बसला की भांडी वाजत होती, एवढंच त्याने मला सांगितलं. फाटकात ताई भेटली. मी गठ्ठा खांद्यावर घेऊन मागेच होतो, त्या दोघांना ओलांडून जाता येईना.

"ताई, मी तुझ्यासाठी ओरडलो गं."

"माहीत आहे मला."

"मग?"

"ते चिमटे तुझे होते. लागत मला होते," ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुलाही ठाऊक होतं. तू इथे असेपर्यंत ते थांबणार नव्हते. मला ती खोली पाहिजे होती, दादा. मी तुझ्या घरी पुन्हा येणार नव्हते."

लहान भावाला ती लाडाने दादा म्हणायची, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"मग मला नीट सांगायचं होतंस," भोंगा म्हणाला. "एकदा तोंडाने सांगायचं होतंस. मी आपणहून सोडली असती नोकरी."

"सोडली असतीस?"

भोंग्याने तोंड उघडलं. ताई थांबली. खरंच थांबली, डोळे बारीक करून, त्याचा चेहरा नीट दिसावा म्हणून जरा जवळही आली. माझा खांदा भरून आला तरी मी गठ्ठा खाली ठेवला नाही. मग तिने त्याच्या हातातलं ॲप्रन घेतलं आणि ती आत गेली, कामाची पाळी सुरू झाली होती.